किडनीत गाठ निघाली आहे? न्यूक्लिअर स्कॅनला येण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बार्शीहून माझे दादामामा आले. हातात दोन फायली आणि काखेत फिल्मचं मोठं पाकीट. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली होती, पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला. खडे नव्हते, पण उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. मग सीटी झाला. त्यात "गाठ घन आहे, कॉन्ट्रास्ट घेते, कॅन्सर नाकारता येत नाही" असं आलं. तेवढ्यावर कुणीतरी पूर्ण शरीराचा पेट स्कॅन करून घ्या म्हणालं, तोही त्यांनी केला. त्या रिपोर्टमधलं "गाठीत विशेष अपटेक नाही" (म्हणजे गाठीने दिलेलं औषध फारसं घेतलं नाही) हे वाक्य मामांनी निळ्या पेनने दोनदा अधोरेखित करून आणलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "पोरी, म्हणजे कॅन्सर नाही, असंच ना?"

मला हो म्हणता आलं नाही. मी पुण्यात एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात १७ वर्षं टेक्नॉलॉजिस्ट आहे. हा प्रश्न मामांच्या आधी आणि नंतरही अनेकांनी विचारलाय, आणि दर वेळी गोंधळ एकच असतो: स्कॅन झालेला असतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देणारा असतो. म्हणून मामांना दोन-तीन संध्याकाळी बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. निदान करणं डॉक्टरांचं काम आहे. पण योग्य स्कॅन मागणं, तयारीने येणं आणि रिपोर्ट हातात आल्यावर त्याचा भलता अर्थ न लावणं, हे पेशंटच्या घरच्यांना नक्की जमतं.

पेट स्कॅन म्हणजे एकच स्कॅन नाही

पेट हे कॅमेऱ्याचं नाव आहे. तो काय दाखवेल ते शिरेतून दिलेल्या औषधावर ठरतं. आपल्याकडे "पेट काढा" म्हटलं की बहुतेक वेळा एफडीजी देतात. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. पुष्कळ कॅन्सर साखर हावरटासारखी खातात, म्हणून ते त्यात उजळतात. किडनीच्या बाबतीत मात्र दोन अडचणी येतात. ही साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे चांगली किडनीसुद्धा दिव्यासारखी लखलखते आणि तिच्यातली गाठ त्या उजेडात हरवते. शिवाय किडनीच्या कॅन्सरचा जो सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, क्लिअर सेल, तो कित्येकदा साखर फारशी घेतच नाही. मामांचा रिपोर्ट खोटा नव्हता. गाठीने साखर घेतली नाही, एवढंच त्यात होतं. कॅन्सर नाही, हे वाक्य मामांनी मनाने जोडलं होतं. एफडीजी पेटचा उपयोग पुढे होतो, कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरलाय का किंवा ऑपरेशननंतर परत आलाय का हे शोधताना.

पीएसएमए पेटचंही तसंच. पीएसएमए हे पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, आणि यातलं औषध त्याला चिकटतं. प्रोस्टेटसाठी तो आता पुण्या-मुंबईत सर्रास होतो. क्लिअर सेल कॅन्सर स्वतःसाठी ज्या नव्या रक्तवाहिन्या तयार करतो, त्यांच्या अस्तरावर पीएसएमए असतं, म्हणून हाडात किंवा फुफ्फुसात गेलेले ठिपके त्यात चांगले सापडतात. पण निरोगी किडनीही ते औषध भरभरून घेते. किडनीतल्याच लहान गाठीसाठी तो मागू नका.

आधी गाठ स्कॅनच्या कामाची आहे का ते बघा

गाठ शोधण्याचं काम सोनोग्राफी आणि सीटीचं. रेणूंवर नेम धरून केलेले स्कॅन, म्हणजे पुढे सांगते ते सेस्टामिबी आणि झिर्कोनियम, त्यानंतरचे. ती गाठ कोणत्या जातीची आहे, एवढंच ते सांगतात. घरात कुणाला किडनीचा कॅन्सर झाला म्हणून, गाठ नसताना "एकदा न्यूक्लिअर स्कॅन करून टाकू" म्हणत येऊ नका. त्यात किरणांचा डोस तेवढा पदरात पडेल.

साधं पाण्याचं सिस्ट असेल तर असा स्कॅन लागत नाही. सीटीत गाठीत चरबी स्पष्ट दिसली तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा, म्हणजे साधी गाठ. तिथेही लागत नाही. गाठ मोठी होऊन शिरेत शिरलेली दिसत असेल तर ऑपरेशनचा निर्णय जवळजवळ झालेलाच असतो. उरतात त्या मधल्या गाठी: घन, चरबी नसलेल्या, ४ सेंटिमीटरच्या आतल्या, फार तर ७ पर्यंतच्या. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान घन गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसते, आणि त्या साध्या गाठींमध्ये ऑन्कोसायटोमा नावाची एक अशी आहे की सीटीत ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. ऑपरेशन करून गाठ काढल्यावर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि कळतं की ही काढायची गरज नव्हती. ज्याला एकच किडनी आहे, ज्याचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय, ज्याचं वय आणि हृदय भूल झेपेल असं नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. हा स्कॅन खरा त्यांच्यासाठी आहे.

दीड सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत आमचा कॅमेरा खात्रीचं उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा काही महिने थांबून पुन्हा सीटी बघू असं डॉक्टर म्हणाले तर तो टाळाटाळीचा सल्ला समजू नका.

आपल्याकडे आज होऊ शकणारा स्कॅन: सेस्टामिबी

हे औषध तुमच्या ओळखीचं असू शकेल. हृदयाच्या स्ट्रेस थॅलियमच्या जागी आता जे वापरतात ते हेच, टेक्नेशियम सेस्टामिबी. जिथे गॅमा कॅमेरा आणि त्याला जोडलेला सीटी आहे, म्हणजे स्पेक्ट-सीटी, तिथे किडनीसाठीही तो करता येतो. विचारताना "किडनीच्या गाठीसाठी सेस्टामिबी स्पेक्ट-सीटी करता का?" असं पूर्ण वाक्य विचारा. नुसतं "किडनी स्कॅन" म्हणालात तर डीटीपीए किंवा डीएमएसए लावतील. ते किडनीचं काम आणि जखमा बघायचे स्कॅन. माझ्या डोळ्यांदेखत अशी चुकीची अपॉइंटमेंट घेऊन सोलापूरहून आलेलं कुटुंब परत गेलंय, म्हणून मुद्दाम सांगते.

हा स्कॅन चालतो कसा? सेस्टामिबी पेशीत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरांत, जाऊन बसतं. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, म्हणून ती गाठ उजळते. त्याला आम्ही हॉट म्हणतो. क्लिअर सेलच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया कमी, आणि आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप जास्त. ती गाठ काळी राहते, म्हणजे कोल्ड. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ५० रुग्णांचा असा स्कॅन करून मग ऑपरेशन केलं, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑन्कोसायटोमा आणि त्याच्या जवळच्या मिश्र जातीच्या मिळून ८ गाठी निघाल्या, त्यातल्या ७ हॉट होत्या. उरलेल्या ४२ पैकी ४० कोल्ड. रुग्ण थोडे आहेत हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे.

अपॉइंटमेंट घेताना तयारीची चौकशी करा. आमच्याकडे चार तास उपाशी यायला सांगतात. शुगरच्या गोळ्यांची जी कटकट एफडीजीला असते ती इथे नसते. सीटीचं डाय यात लागत नाही, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्यांनाही हा करता येतो. गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर अपॉइंटमेंटच्या फोनवरच सांगा, आत आल्यावर नको.

बाहेर बसलेल्यांना वाटतं उशीर होतोय. आत काय चालतं ते सांगते. टेक्नेशियमचं अर्धायुष्य फक्त ६ तास, ते साठवून ठेवता येत नाही. आमच्याकडे शिशाच्या जाड कवचात मॉलिब्डेनमचा जनरेटर येतो. त्यातलं मॉलिब्डेनम हळूहळू टेक्नेशियममध्ये बदलत राहतं, आणि रोज सकाळी आम्ही मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढतो. त्याला आमच्यात दूध काढणं म्हणतात, आणि गाईसारखंच, जनरेटर जुना होत जातो तसं दूध कमी होत जातं. मग ते सेस्टामिबीच्या बाटलीत सोडायचं, बाटली उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवायची, गार करायची, औषध नीट जुळलंय का ते तपासायचं. हे झाल्याशिवाय मी सुई भरत नाही. कधी जनरेटरची गाडीच लेट होते आणि सगळ्यांच्या वेळा पुढे जातात. बाहेरगावहून येणार असाल तर निघायच्या आधी सकाळी एक फोन करा.

इंजेक्शन हातातल्या कॅन्युलातून देतो. दिल्यावर अर्ध्या मिनिटात तोंडात धातूची चव येते. मामा म्हणाले, "नाणं चोखल्यासारखं लागतंय गं." ती लगेच जाते, घाबरू नका. त्यानंतर सव्वा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, आणि मग कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन वीसएक मिनिटं पडून राहायचं. यात तुमचं एकच काम, शांत आणि एकसारखा श्वास. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते. कुणी मोठे उसासे सोडले की लहान गाठीच्या कडा पुसट होतात. खांदा दुखत असेल तर आधी सांगा, आम्ही उशी लावून देतो. पंधराव्या मिनिटाला हात खाली घेतलात तर सगळं पहिल्यापासून.

मामांची चित्रं मी स्वतः काढली. पडद्यावर डावी किडनी पूर्ण, घेवड्याच्या दाण्यासारखी, केशरी. उजवीही तशीच, पण खालच्या टोकाला कुणीतरी भाकरीचा तुकडा मोडून न्यावा तसा काळा गोल. शेजारी यकृत आणि आतडं उजळलेलं, कारण हे औषध पित्तातूनही बाहेर पडतं. उजव्या किडनीच्या गाठीत आतड्याचा उजेड मिसळून फसगत होऊ शकते, म्हणून सोबतचा सीटी महत्त्वाचा. मी दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली. तो काळा गोल आणि सीटीतली गाठ तंतोतंत एकाच जागी बसली. मी काही बोलले नाही. बोलायचं आमच्या डॉक्टरांनी, तो नियम घरच्या माणसालाही लागू. मामा मात्र पडद्यापेक्षा माझ्याकडे बघत होते.

ज्याची चर्चा ऐकताय तो दुसरा स्कॅन: झिर्कोनियम

माझी नणंद ऑस्ट्रेलियात आहे. मामांचं कळल्यावर तिने विचारलं, "इकडे तो नवीन झिर्कोनियमवाला स्कॅन आहे म्हणतात, तो का नाही करत?" तो समजून घेणं गरजेचं आहे, कारण तो सेस्टामिबीच्या बरोबर उलट चालतो.

क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक सहसा बिघडलेलं असतं. ते बिघडलं की पेशीला भरपूर ऑक्सिजन असूनही आपण गुदमरतोय असं वाटत राहतं, आणि ती गुदमरलेल्या पेशीसारखी वागते. पेशीला ऑक्सिजन कळतो कसा, याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गोंधळात पेशी आपल्या पृष्ठभागावर सीए-नाईन नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात आणते. निरोगी किडनीत ते जवळपास नसतं. गिरेन्टक्सिमॅब ही अँटिबॉडी नेमकी त्याच प्रथिनाला चिकटते, आणि तिला किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ जोडलं की क्लिअर सेल गाठ पेट कॅमेऱ्यात अंधाऱ्या किडनीत पेटलेल्या ठिणगीसारखी दिसते.

अँटिबॉडी जड असते, रक्तातून हळूहळू गाठीपर्यंत जाते. म्हणून आज इंजेक्शन आणि स्कॅन साधारण पाचव्या दिवशी. झिर्कोनियमचं अर्धायुष्य सव्वातीन दिवसांचं आहे म्हणून हे जमतं. दोनदा यावं लागतं, राहायची सोय बघावी लागते.

झिरकॉन नावाच्या अभ्यासात ३०० रुग्णांना हे औषध दिलं, त्यांच्या गाठी ७ सेंटिमीटरच्या आतल्या होत्या. निष्कर्ष २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आले. क्लिअर सेल असलेल्या दर १०० पैकी ८६ गाठी त्याने पकडल्या, आणि क्लिअर सेल नसलेल्या १०० पैकी ८७ बरोबर बाजूला काढल्या. फार चांगले आकडे आहेत. पण ते उलटे करूनही वाचा: क्लिअर सेलच्या १४ गाठी उजळल्या नाहीत. आणि पॅपिलरी, क्रोमोफोब हेही कॅन्सरच, त्यांना ओळखण्यासाठी तो बनवलेलाच नाही. स्कॅन कोरा आला म्हणून कॅन्सर नाही, हा अर्थ इथेही काढू नका. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला मंजुरी न देता उत्पादनाबद्दलचे मुद्दे पूर्ण करायला सांगितले. आमच्या विभागात तो होत नाही. मामांना मी तेव्हा सांगितलं की त्याची वाट बघत गाठ तशीच ठेवायची नाही, जे हाताशी आहे त्याने पुढे जाऊ.

सर्जनना विचारायचं एक वाक्य

स्कॅन ठरवायच्या आधी विचारा: "डॉक्टर, गाठ हॉट आली तर तुम्ही काय कराल, आणि कोल्ड आली तर काय कराल?" दोन्ही वेळा उत्तर "ऑपरेशनच" असेल तर स्कॅनचा खर्च आणि किरणं कशाला? सेस्टामिबीतून मिळणारा किरणांचा डोस साधारण ८ मिलिसीव्हर्ट, शिवाय सोबतच्या सीटीचे थोडे. फार नाही, पण फुकटही नाही. उत्तर वेगवेगळं असेल तर स्कॅन करा, आणि ते उत्तर तिथेच फाईलच्या मागे लिहून ठेवा. रिपोर्ट आल्यावर घाबरलेल्या मनाने निर्णय घ्यावा लागत नाही.

बायोप्सीचाही विचार त्याच वेळी करा. सुईला घाबरून लोक स्कॅनकडे वळतात, "सुई लावली की पसरतो" असं गावोगाव ऐकायला मिळतं. किडनीच्या लहान गाठीत सुईने कॅन्सर पसरणं फार क्वचित होतं. काही वेळा बायोप्सीच जास्त कामाची असते. मात्र सुईत आलेल्या चिमूटभर तुकड्यावरून ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब वेगळे करणं पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं. तिथे स्कॅन आणि बायोप्सी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर उत्तर जास्त पक्कं होतं. क्रोमोफोबची एखादी गाठ स्कॅनमध्येही हॉट येते, हे लक्षात असू द्या.

येताना काय आणायचं

सीटीची सीडी. फिल्म नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्ह, ज्यात सगळे फेज, म्हणजे डाय देण्याआधीची आणि नंतरची सगळी चित्रं, आहेत. फिल्मवर निवडक चित्रं असतात, गाठ मोजता येत नाही. मामांचं मोठं पाकीट आम्ही उघडलंसुद्धा नाही, सीडी मागवायला मामेभावाला बार्शीला परत जावं लागलं आणि चार दिवस गेले. जुनी सोनोग्राफी असेल, पाच वर्षांपूर्वीची का असेना, ती आणा. गाठ तेव्हा होती का आणि किती होती, हे कुठल्याही स्कॅनइतकं बोलतं. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट. सरकारी योजनेतून उपचार घेत असाल तर हा स्कॅन त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, नंतर बिल घेऊन भांडण्यात अर्थ नसतो. आणि सोबत एक माणूस, पण गरोदर सून किंवा तान्हं बाळ नको.

घरी गेल्यावर त्या दिवशी पाणी भरपूर प्या, लहान नातवंडांना मांडीवर घेणं दुसऱ्या दिवसावर ढकला. एवढंच. वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली, अंगाला हात न लावणं, यातलं काहीही लागत नाही. एका आजींना घरच्यांनी दोन दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं, ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून मी हे प्रत्येकाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते.

रिपोर्ट हातात आल्यावर

"फोटोपेनिक" म्हणजे कोल्ड. "अपटेक किडनीइतका" म्हणजे हॉट. गाठ आणि निरोगी किडनी यांचं गुणोत्तर दिलेलं असेल तर ते सर्जनला दाखवा, कारण नुसत्या "सौम्य अपटेक" या शब्दावर निर्णय होत नाही. तो आकडा दिलेला नसेल तर विभागात जाऊन मागा. गाठीचा मधला भाग सडलेला असेल तर तो कोल्डच दिसणार, म्हणून कडेच्या घन भागात काय आहे हेही विचारा.

मामांची गाठ कोल्ड होती. सर्जननी आधीच सांगितलं होतं की तसं आलं तर किडनी वाचवून फक्त गाठ काढू. तसंच केलं. पॅथॉलॉजीत क्लिअर सेल निघाला, ग्रेड २, कडा स्वच्छ. बाकीची किडनी जागेवर आहे.

त्याच आठवड्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. एक किडनी खड्यांपायी पूर्वीच काढलेली, उरलेल्या एकुलत्या किडनीत २.८ सेंटिमीटरची गाठ. डायलिसिसच्या भीतीने ते इतके आक्रसले होते की कॅन्युलासाठी शीर सापडेना. गाठ हॉट आली, बाकीच्या किडनीत विरघळून गेल्यासारखी. पडद्यावर मी ती शोधत होते आणि सापडत नव्हती, शेवटी सीटी वर ठेवला तेव्हा कळलं कुठे आहे. बायोप्सीनेही त्याच बाजूने कौल दिला. सर्जननी चाकू बाजूला ठेवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली.

हॉट गाठवाल्यांची चूक इथे होते. "साधी आहे" ऐकलं की फाईल कपाटात जाते आणि सहा महिन्यांची दोन वर्षं होतात. गाठ वाढतेय का हे बघितल्याशिवाय या स्कॅनचं उत्तर पूर्ण होत नाही. सरांनी माझ्यासमोर खिशातून छोटी डायरी काढली, तारीख लिहिली, आणि पानाचा कोपरा दुमडला. परवा ते येऊन गेले. गाठ २.८ च आहे.